शब्दचर्चा: लोडरच्या मॉडेलचं ‘सस्पेन्शन’ आणि ‘स्टीअरिंग’ मराठीत

दातेरी: लेगो टेक्निक ठोकळ्यांचा व्हील लोडर (पुढे बादली असलेलं माती उचलायचं यंत्र) बांधायची कृती मराठीत लिहितो आहे. ‘सस्पेन्शन’ला कोशात ‘निलंबन’ मिळतं, पण ‘मागच्या चाकांचं निलंबन’ वाचलं की चौकशी समितीच डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द आहे का? आणि ‘स्टीअरिंग’ला ‘सुकाणू’ चालेल?

वंगण: निलंबन नकोच. पण आधी हे बघा, लोडरला तुम्ही म्हणता ते सस्पेन्शन असतं का? खऱ्या व्हील लोडरच्या चाकांवर सहसा स्प्रिंग नसते. बादली ढिगाऱ्यात घुसवताना स्प्रिंग दबली तर बादलीची धार खालीवर होईल. म्हणून पुढचा आस चेसिसला पक्का आवळलेला असतो आणि मागचा मधल्या खिळीवर डावीउजवीकडे कलतो. खड्डा आला तरी चारही चाकं जमिनीला टेकलेली राहतात. याला ‘झुलता आस’ म्हणा. ‘दोलनशील धुरा’ चूक नाही, पण कृतीत तो शब्द दहा वेळा आला तर वाचणारा पळून जाईल.

दातेरी: ‘झुलता’ म्हटल्यावर पुढेमागे झुलतो असं नाही वाटणार?

वंगण: वाटू शकतं. पहिल्या उल्लेखातच ‘डावं चाक वर गेलं की उजवं खाली जातं’ असं लिहून टाका. आकडेही द्या. दोन चाकांत १५ स्टड (स्टड म्हणजे ठोकळ्यावरच्या दोन गुंड्यांमधलं ८ मिमी अंतर), म्हणजे १२० मिमी अंतर असेल आणि आस १२ अंश कलला, तर एक चाक दुसऱ्यापेक्षा सुमारे २५ मिमी वर जातं. म्हणजे मधल्या स्थितीपासून प्रत्येकी साडेबारा. टायर आणि मडगार्ड यांत निदान २ स्टड मोकळे हवेत. दोन्ही बाजूंना अडसर लावा, नाहीतर टायर चेसिसला घासतो.

खीळ ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या) रेषेतच हवी. शाफ्ट एक स्टड जरी वर राहिला, तरी आस कलताना तो बाजूला ओढला जातो, गियरचे दात सुटतात आणि कटकट सुरू होते. यासाठीच पोकळ टर्नटेबल (फिरती चकती) खीळ म्हणून वापरतात. शाफ्ट त्याच्या मधून जातो.

चाकोरी: ‘सुकाणू’ होडीपुरता ठेवा. लोडरची चाकं वळतच नाहीत, अख्खी चेसिस मध्ये मोडते. ‘कंबरवळण’ कसं वाटतं?

वंगण: झकास! ‘आर्टिक्युलेटेड’पेक्षा लवकर कळतं. पण त्यासोबत ‘मधला सांधा’ हा शब्दही लागेल, कारण सगळा घोळ तिथेच होतो. युनिव्हर्सल जॉइंटचा (कोनात वळूनही फिरणं पुढे पोचवणाऱ्या जोडाचा) मध्य सांध्याच्या उभ्या खिळीवर नेमका यायला हवा. जॉइंट ३ स्टडचा असेल तर मध्य टोकापासून १२ मिमीवर येतो. तो पुढेमागे सरकला की वळताना शाफ्टची लांबी कमीजास्त लागते आणि शाफ्ट जॉइंटमधून निसटतो.

जॉइंट जागेवर असला तरी एकच वापरून ४० अंश वळवलं, तर पुढच्या शाफ्टचा वेग मागच्याच्या सुमारे ०.७७ ते १.३१ पट असा दर फेऱ्यात दोनदा खालीवर होतो. गाडी वळताना गचके देते ती यामुळे. खिळीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन जॉइंट घ्या, प्रत्येकाला २० अंश येतील. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे जॉइंटचे काटे एकाच पातळीत ठेवले की वेगातला फरक एकमेकांत कटतो.

दातेरी: बॅकहो लोडरचं काय? (लोक ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात तो.) त्याची पुढची चाकं वळतात आणि पुढचाच आस झुलतो.

चाकोरी: तिथे ‘चाकवळण’ म्हणा. रॅकला, म्हणजे गियरने सरकणाऱ्या दातेरी पट्टीला, ‘दंतपट्टी’, पण टाय रॉड (दोन चाकांना जोडणारा दांडा) टाय रॉडच राहू दे. दंतपट्टी चेसिसवर बसवू नका. आस झुलला की चाकं आपोआप वळतात. या दोषाला कुणी ‘उसळवळण’ म्हणतात, मला तो शब्द ओढूनताणून केलेला वाटतो.

वंगण: मलाही. पट्टी आसावरच बसवायची आणि तिला फिरवणारा शाफ्ट झुलण्याच्या खिळीतून न्यायचा. आस १० अंश झुलला तरी ८ दातांचा गियर पट्टीला जेमतेम ०.७ मिमी सरकवतो. चाक वळवणाऱ्या १६ मिमीच्या आर्मवर ते अडीच अंश होतात, आणि तेवढी ढिलाई ठोकळ्यांत असतेच.

दातेरी: आणि वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळा कोन देणारी अॅकरमन रचना?

चाकोरी: नावच ठेवा. रचना लँकेन्स्पेर्गरची, १८१८चं इंग्लिश पेटंट अॅकरमनच्या नावे. भाषांतर कुणाचं करणार? कृतीत फक्त ‘आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं’ एवढं हवं. पुढच्यामागच्या चाकांत २० स्टड आणि किंगपिनांत (पुढची चाकं ज्यांभोवती वळतात त्या उभ्या खिळींत) ११ स्टड असतील, तर आर्म १५ अंश आत कलवा. आसाच्या मागे असलेल्या २ स्टड लांबीच्या आर्मचं टोक साधारण अर्धा स्टड आत येतं. टाय रॉड आसाच्या पुढे असेल, तर तेच टोक अर्धा स्टड बाहेर न्यायचं. मागची मापं तशीच पुढे उचलली, तर बाहेरचं चाक जास्त वळतं आणि टायर घासत जातात.