अनुभव धागा: थंडी सरताना तुमच्या बागेत काय चालतं?

आज माळीकाका मोगऱ्याची पानं ओरबाडत होते आणि वाईची आजी आठवली. संक्रांत झाली की ती मोगऱ्याचं पाणी तोडायची. पानं मलूल झाली की ओरबाडून काढायची, शेंडे छाटायची, बुंध्याजवळची माती उकरून ऊन द्यायची. मग शेणखत आणि भरपूर पाणी. चैत्रात परडीभर कळ्या! महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते, त्याआधी छाटणी झालीच पाहिजे, हा तिचा दंडक. मीही पाळते. तुमच्याकडची कामं लिहा ना.

गच्चीवरची_माती
कुंडीतल्या मोगऱ्याला एवढा ताण देऊ नका हं, कुंडी फार लवकर सुकते. पाणी निम्मं करा, पुरतं. बाकी आजींना नमस्कार _/\_

रत्नांग्रीकर
आमच्याकडे आत्ता सगळ्यांचे डोळे आंब्याच्या मोहोराकडे. ढगाळ हवा आली की तुडतुडे (रस शोषणारे किडे), पानं चिकट, मग काळी. भुरीला (मोहोरावरच्या पांढऱ्या बुरशीला) ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. पण मोहोर पूर्ण उमलला असेल तर फवारू नका, माश्या मरतात आणि फळ धरायला त्याच लागतात. शिवाय तरव्याची भाजावळ असते, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पाला-फांद्या जाळायच्या. त्यासाठी कवळ, म्हणजे झाडाच्या फांद्या, तोडायला बाबाच चढायचे. यंदा पहिल्यांदा भाऊ चढला, बाबा नाहीत आता.

सायली_कुंडीवाली
अरेरे. वाचून गलबलून आलं दादा.

सायली_कुंडीवाली
कुकर लावलाय, पटकन लिहिते. शेवंतीची फुलं संपली की वीतभर ठेवून कापा, बुडाशी फुटवे येतात, तेच पुढची रोपं. जास्वंदीवर मुंग्या चढताना दिसल्या की पिठ्या ढेकूण शोधा! आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण. संध्याकाळीच मारा.

अलिबागची_लेक
वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे पोपटी! मडक्यात भांबुर्डीचा (रानातल्या वासाच्या झुडपाचा) पाला, शेंगा, बटाटे, अंडी भरायची आणि मडकं जाळात भाजायचं. बागकाम नंतर :)

रत्नांग्रीकर
आता भूक लागली ना ताई. सायलीताई, धन्यवाद.

जर्सीतला_कडीपत्ता
आमच्याकडे अजून बर्फ आहे. मिरची-वांग्याचं बी खिडकीत पेरतो, रोपं बाहेर जातात मेच्या मध्यात. घरातल्या कडीपत्त्याची पानं गळली म्हणून टाकून देऊ नका कोणी. खोड नखानं खरवडा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पाणी अगदी कमी द्या.

गच्चीवरची_माती
हे लाख मोलाचं सांगितलंत. आईला पाठवते, ती शिकागोत आहे आणि रोज रडवेला फोन करते त्या झाडापायी.

नवी_बागवाली
भेंडी, काकडी, दोडका आत्ता लावू का? नाशिकला पहाटे अजून गारठा आहे.

सायली_कुंडीवाली
काकडीचं बी रात्रभर भिजवून लाव. गारठ्यात उगवायला वेळ लागतो, आठवडाभर थांबलीस तरी चालेल. वाफ्यावर पालापाचोळा पसर गं, पुढे पाणी वाचतं.

अलिबागची_लेक
भांबुर्डी पुण्यात कुठे मिळते का हो?