ल्होत्शाम्पा निर्वासित आणि पेंटेकोस्टल चर्च : ज्यासाठी देश सोडावा लागला तेच सोडायचं?

पूर्वा_ओ : भूतानच्या नेपाळी भाषक ल्होत्शाम्पांबद्दल लिहितेय. १९८५ च्या नागरिकत्व कायद्याने १९५८ मध्ये किंवा त्याआधीपासून भूतानात राहतोय याचा पुरावा मागितला, १९८९ मध्ये घो-किरा हा भूतानी पोशाख घालायची सक्ती, शाळेतून नेपाळी बंद, १९९० ला मोर्चे काढले तर तुरुंग नाहीतर हद्दपारी. लाखभर माणसं नेपाळात झापा-मोरंगच्या छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत राहिली, २००७ च्या शेवटापासून अमेरिकेसह आठ देशांनी त्यांना घेतलं. एवढं सोसून आता पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर आणि प्रार्थनेने आजार बरे होण्यावर भर देणारा ख्रिस्ती पंथ) झालेली नातवंडं दसैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, आजोबांच्या हातून टिळा लावून घेत नाहीत, प्रसादाला हात लावत नाहीत. जे राजाला जमलं नाही ते पास्टरने केलं. मला हे बघवत नाही.

धाकटी_पाती : नाही पटलं. संस्कृती म्हणजे कुणाची? छावणीत सगळ्यांचं रेशन सारखंच होतं, तरी कामी-दमाई या अस्पृश्य मानलेल्या जातींच्या हातचं पाणी चालत नव्हतं. चर्चमध्ये त्याच जातीचा माणूस सगळ्यांच्या पंगतीला बसतो, स्टेजवर उभा राहून प्रार्थना सांगतो. शिवाय घरात कुणी आजारी पडलं की झांक्रीला (देवऋषीला) कोंबडं द्या, पैसे द्या, आणि छावणीत कायद्याने काम करायला बंदी, पैसा आणायचा कुठून? चर्चवाले रात्रभर उशाशी बसून फुकट प्रार्थना करतात. माणूस तिकडे जाणारच ना.

पूर्वा_ओ : जातीचं दुखणं खरंच आहे, पण मग बाहुन-छेत्री या वरच्या जातींच्या घरांतले लोकही का गेले? आणि बाप गेल्यावर थोरला मुलगा तेरा दिवस क्रियेला बसायला नकार देतो तेव्हा त्या आईने काय करायचं? परक्या देशात भाऊबंद आधीच चार गावांत विखुरलेले. याला मी घर मोडणं म्हणते.

केडगावकर : पेंटेकोस्टल म्हणजे अमेरिकेचं खूळ असं समजू नका. ज्या सभेपासून ही चळवळ पसरली असं म्हणतात ती लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीटची सभा १९०६ ची, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तशीच जागृती १९०५ लाच झाली होती. ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले तरी अभंगच लिहीत राहिले. ल्होत्शाम्पांचंही तसंच, मादल या नेपाळी ढोलकीच्या तालावर नेपाळी भजनं म्हणतात, पास्टर त्यांच्यातलाच. अमेरिकेत कोलंबस, पिट्सबर्गला वाढणाऱ्या पोरांच्या कानावर घराबाहेर नेपाळी पडते ती अशाच ठिकाणी.

सह्यकडा : टिळकांचं उदाहरण इथे लागू नाही. त्यांनी वारकरी परंपरेला सैतानाचं काम म्हटलं नाही, बऱ्याच पेंटेकोस्टल चर्चमध्ये देवघरातल्या मूर्तीबद्दल थेट तेच शिकवतात. भाषा राहिली पण आजीचा देव सैतान ठरला, तर आजीशी बोलणार काय?

धाकटी_पाती : त्या शिकवणीचा मलाही राग येतो, तिथे मी तुमच्या बाजूने. पण ल्होत्शाम्पांत आजही हिंदूच जास्त आहेत, अमेरिकेत त्यांनी मंदिरंही उभी केलीत. पूर्वा, तिथल्या गाभाऱ्यात दमाईचा मुलगा पूजा सांगू शकतो का, हे आधी विचारा, मग चर्चला जाब विचारू.