इम्प्लांटभोवतीचा पू आणि कापाकापी

वर ज्यांनी विचारलंय की इम्प्लांटच्या (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताच्या स्क्रूच्या) बाजूने पू येतोय, एक्स-रेत हाड खाली गेलंय, डॉक्टर फ्लॅप उघडायचं (हिरडी कापून बाजूला करून आतून साफ करायचं) म्हणतायत तर नुसत्या लेसरनं भागेल का, त्यांना आमच्या आईचं सांगतो.

आम्ही खानापूरचे, दाखवायला बेळगावात. खालच्या इम्प्लांटच्या दाढेजवळ बोटाने दाबलं की पांढरं यायचं, दुखत मात्र अजिबात नव्हतं, म्हणून तिने चार महिने कुणाला सांगितलंच नाही! दुसऱ्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे शेजारी धरून दाखवलं, स्क्रूचे दोन आटे उघडे पडलेले. आणि कॅपखाली सिमेंटचा तांदळाएवढा कण राहिलेला, बसवणाऱ्याने काढलाच नव्हता. तो काढला, टायटॅनियमच्या क्युरेटने (खरवडायच्या हत्याराने) खरवडलं, बारीक पावडरच्या फवाऱ्यानं धुतलं, क्लोरहेक्झिडीनच्या (जंतुनाशक) गुळण्या दिल्या. दोन महिन्यांनी पॉकेट (हिरडी न् इम्प्लांटमधली फट) ७ चं ४ मिमी, पू बंद. हाड मात्र परत आलं नाही हं, आहे तिथं थांबलं एवढंच.

नुसती हिरडी सुजली असेल तर अशा सफाईने बरं होऊ शकतं, पण हाड झिजलं असेल तर आट्यांच्या खाचांत वरून हत्यार नीट पोचत नाही, म्हणून ६ ते १२ आठवड्यांनी परत मोजतात आणि तरी खोल पॉकेट न् रक्त असेल तर उघडावंच लागतं. लेसरवर जास्तीचे पैसे घालायच्या आधी शुगर तपासा, तंबाखू असेल तर सोडा. आणि तुमची कॅप सिमेंटने चिकटवलेली आहे की स्क्रूने बसवलेली, ते विचारलंत का?