लेकीचा प्रश्न: रेषेला जाडीच नाही, तर ती दिसते कशी?

दुसरी_पाळी:
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा सहावीत. गणितात सुरुवातीलाच बिंदू, रेषा, किरण, प्रतल. बाईंनी सांगितलं, रेषेला लांबी असते, जाडी नसते. हिनं पेन्सिलीला टोक काढून रेघ मारली, त्यावर आजोबांचं भिंग धरलं आणि मला दाखवायला आली. रेघ चांगली रस्त्याएवढी दिसत होती. "बाबा, जाडी नाही तर ही काय आहे?" त्यात चित्रकलेचे सर एलिमेंटरीची तयारी करून घेताना म्हणाले की वस्तूला रेषा नसतेच. आणि शेवटी, "तुम्ही रोज लाइनवर जाता, ती केवढी जाड?" मी चाकणला गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर आहे. हसून वेळ मारून नेली, पण ती उद्या परत विचारणार. जाणकारांनी मदत करा.

कोनमापक:
ग्रीक गणिती युक्लिडची व्याख्याच तशी आहे, रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा. कागदावर असतं ते रेषेचं चित्र. गाईच्या चित्राला दूध येत नाही, तसं या चित्राच्या जाडीचं मनावर घेऊ नये. एवढं सांगा.

दुसरी_पाळी:
सांगितलं सर. म्हणाली, "गाय तरी गोठ्यात दाखवता येते. खरी रेषा कुठंय?"

जुना_फिटर:
दादा, मी आयटीआय फिटर, पुढं चौतीस वर्षं भोसरीला टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे बनवायच्या खात्यात. युक्लिड आम्हाला नव्हता, पण पोरीला खरी रेषा कुठं असते ते सांगू शकतो. जरा लांबण लागेल.

जॉबवर, म्हणजे घडवायच्या लोखंडी तुकड्यावर, मार्किंग करायचं तर आधी तो साफ पुसून त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवायचं. लोखंडावर तांब्याचा पातळ थर धरतो. मग जॉब सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, उभा करायचा, उंची मोजणारं हाइट गेज लावायचं आणि त्याचा स्क्रायबर, म्हणजे रेघ पाडणारं टोक, एकदाच ओढायचा. दोनदा ओढला की शेजारीशेजारी दोन रेघा पडतात आणि खरी कुठली ते तुम्हालाही सांगता येत नाही. लालसर पृष्ठभागावर केसासारखी चकचकीत रेघ उठते. आता गंमत बघा. हाइट गेज वाचतं 0.02 मिलिमीटरपर्यंत, आणि रेघ पडते 0.1च्या आसपास जाड. टोक बोथट असेल तर विचारूच नका. म्हणजे माप बारीक आणि रेघ ढोबळ.

(प्लेट आमच्याकडं काळ्या ग्रॅनाइटची होती. काळ्या दगडावरची रेघ म्हणजे पक्का शब्द असं लोक म्हणतात. आमच्याकडं त्या काळ्या दगडावर कुणी रेघ पाडली असती तर त्याचं काही खरं नव्हतं.)

अप्रेंटिस होतो तेव्हाची गोष्ट. 50 मिलिमीटरचा चौकोन करायचा होता. मी मन लावून बरोबर रेघेवर हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, चालवली. एवढा सरळ काप की मलाच कौतुक वाटलं. पण ब्लेड स्वतः मिलिमीटरभर माल खातं, त्यातला अर्धा माझ्या जॉबचा. वरून कड घासून सपाट करेपर्यंत जॉब 49.2 झाला. फोरमनसाहेबांनी तो उलटासुलटा केला आणि विचारलं, "रेघ कुठंय?" म्हटलं, कापली. "मग घासत कुणीकडं निघाला होतास?"

पुढं त्यांनीच दाखवलं. रेघ मारून झाली की तिच्यावर डॉट पंचनं, म्हणजे टोकदार पोलादी दांडीनं, ठोकून बारीक ठिपके द्यायचे. पंचचं टोक 60 अंशाचं, हातोडी हलकी, ठिपका बरोबर रेघेच्या मधोमध. मग कापायचं रेघ सोडून, बाहेरच्या अंगानं. उरलेला माल फाइलनं, म्हणजे कानशीनं, घासत आत यायचं. घासता घासता ठिपके कडेशी येतात, कापले जायला लागतात. कडेनं अर्ध्या वाट्या मांडल्यासारखे अर्धे ठिपके राहिले की हात थांबवायचा. पूर्ण ठिपका दिसतोय म्हणजे अजून माल आहे. ठिपकाच गेला म्हणजे जॉब गेला. शेवटचा शब्द अर्थात मायक्रोमीटरचा, पण हात थांबतो ठिपक्यावर.

आता पोरीला विचारा, अर्धे ठिपके राहिले तेव्हा रेघ कुठं आहे? अर्धी फाइलच्या दातात गेली, अर्धी जॉबवर राहिली. त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये जी होती, ती आता जॉबची कड आहे. इकडं लोखंड संपलं, तिकडं हवा सुरू झाली, मध्ये तिसरं काही नाही. तिच्यावर भिंग धर म्हणावं. भिंगातून कडेचे ओरखडे दिसतील, फाइलची कुसळं दिसतील, जाडी दिसणार नाही.

सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीनं, आल्यावर मोरचूद गेलं, ठिपके गेले, भांडण तेच राहिलं. प्रोग्रॅममधली रेषा बिनजाडीची, फिरून माल कापणारा कटर मात्र 10 मिलिमीटरचा. म्हणून मशीनला सांगावं लागतं की रेषेच्या कुठल्या अंगानं चालायचं. जी 41 म्हणजे कटर डावीकडून, जी 42 म्हणजे उजवीकडून. हे सांगायला विसरलात तर कटर रेषेवरूनच जातो आणि दोन्हीकडं 5-5 मिलिमीटर खातो. लाखोंचं मशीन, चूक माझ्या हॅकसॉचीच.

कोनमापक:
फिटरकाका, युक्लिडच्या सहाव्या व्याख्येत हेच आहे, पृष्ठाच्या कडा म्हणजे रेषा. वर्गात मी ती पटकन वाचून पुढे जातो. आता एक माझी शंका. वर्तुळाला खिळा आणि दोरी पुरते. सरळ रेषेला आधी सरळ पट्टी लागते. मग पहिली पट्टी कशावर तपासली?

जुना_फिटर:
सर, एकमेकींवर. पण दोन प्लेटा पुरत नाहीत, तीन लागतात. दोनच एकमेकींवर घासल्या तर एक वाटीसारखी खोलगट आणि दुसरी तिच्यात बसणारी फुगीर होऊ शकते. दोघी छान जुळतात आणि दोघी खोट्या. तिसरी आणली की खोटं उघडं पडतं, कारण दोन फुगीर किंवा दोन खोलगट एकमेकींवर बसत नाहीत. एकीला निळा रंग लावायचा, एकीवर दुसरी टेकवायची, जिथं निळं लागेल तो उंचवटा स्क्रेपरनं, म्हणजे खरवडायच्या हत्यारानं, काढायचा. मग जोड्या बदलायच्या. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरनं 1840 साली या पद्धतीवर निबंध वाचला होता, एवढं आमच्या इन्स्ट्रक्टरांनी सांगितलेलं लक्षात आहे. प्लेट सपाट झाली की तिच्यावर पट्टीची कड तपासायची.

रेघोट्या:
मी चित्रकला शिक्षक. त्या सरांची बाजू मांडतो. फिटरकाकांची कड जागची हलत नाही. पण वस्तुचित्राला तांब्या ठेवला की त्याची बाह्यरेषा तांब्यावर कुठे बोट ठेवून दाखवता येईल का? मुलगी दोन पावलं सरकली की ती रेषाही तांब्यावरून सरकते. ती जागा तांब्याची नाही, बघणाऱ्याची आहे. म्हणून मी मुलांना सांगतो, एचबी पेन्सिलीने कडेभोवती तार गुंडाळल्यासारखी काळी रेघ मारू नका. मागच्या पडद्याची छटा गडद करा, तांब्याचं पोट उजळ सोडा, कड आपोआप दिसेल.

जुना_फिटर:
हे आमच्याकडंही आहे सर. शाफ्टच्या, म्हणजे गोल दांड्याच्या, ड्रॉइंगमध्ये वरखाली दोन जाड रेषा असतात. शाफ्ट हातात घेऊन फिरवा, त्या कुठंच सापडत नाहीत. आणि भोकाची सेंटरलाइन, म्हणजे मधोमधची रेषा, लांब-आखूड तुकड्यांची, ती तर हवेतच असते. तरी सगळी मापं तिच्यापासून.

दुसरी_पाळी:
सगळ्यांचे आभार. आमच्या लाइनचं तिला मीच सांगितलं. ती ना सरळ ना बारीक, दोन ठिकाणी वळते आणि जेवणाच्या सुट्टीत थांबते. रुंदी विचारशील तर दोन गाड्या निघण्यातलं अंतर, ते आम्ही सेकंदात मोजतो. हे तिला फारसं पटलं नाही.

ठिपक्यांचं मात्र पटलं. लोखंड कुठलं आणू, धुण्याच्या साबणाची वडी दिली. पट्टी लावून कर्कटकाच्या टोकानं तिनं चार रेघा ओढल्या, त्यावर टोचून ठिपके दिले, आणि बटरच्या सुरीनं तासभर खरवडत बसली. आईची बोलणी मी खाल्ली. तीन बाजूंना अर्धे ठिपके छान राहिलेत, चौथ्या बाजूला एकही नाही. विचारतेय, "काकांना विचारा, हा जॉब गेला का?"

जुना_फिटर:
गेला. दुसरी वडी द्या तिला.