कॉफी सोडलीत, मग आता कपात काय?

फिल्टरवाली

दुपारची कॉफी बंद होऊन आज बारावा दिवस. छातीत धडधड व्हायची, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी असायचे. डॉक्टरीणबाईंनी पहिली कात्री कॉफीलाच लावली. सुरुवातीचे तीन दिवस डोकं असं ठणकलं की बोलायची सोय नाही. आता दुखत नाही, पण चार वाजले की हात आपोआप फिल्टरकडे जातो.

म्हणून हा धागा. कॅफीन अजिबात नसलेलं, पण कॉफीची जागा घेणारं तुम्ही काय करून प्यायलात? ऐकीव नको, स्वतः केलेलंच लिहा. ग्रीन टी सुचवू नका, त्यात कॅफीन असतं. गवती चहाही नको, आमच्याकडे तो चहापत्तीशिवाय कोणी करतच नाही.

सुरुवात माझ्या फजितीने. फिल्टर कॉफीच्या बहुतेक पाकिटांत चिकोरी असते, नियमाने ४९ टक्क्यांपर्यंत चालते. म्हटलं, कॉफी वगळून उरलेलंच पिऊ! चिकोरी म्हणजे निळ्या फुलांच्या एका रोपाचं भाजलेलं मूळ. गुजरातेत पिकतं, कॅफीन शून्य. शंभर ग्रॅम आणली, रात्री पितळी फिल्टरमध्ये नेहमीसारखी भरली, वरून उकळतं पाणी. सकाळी खालच्या भांड्यात तीन थेंब आणि वर डांबर. ओली झाली की ती चिकट होते, भोकं बुजतात. टाचणी घेऊन एकेक भोक उकरत बसले होते. आता पातेल्यात अर्धा चमचा उकळून फडक्याने गाळते. रंग आहे, कडवटपणा आहे, वास मात्र नाही. आणि दोन कपांच्या पुढे गेलं की पोट गुबारतं.

पागोळी

टाकळा! पहिल्या पावसात त्याची भाजी सगळे खातात, बियांचं फारसं कोणाला ठाऊक नसतं. दिवाळीच्या सुमाराला शेंगा वाळतात. आतल्या बिया तपकिरी, तुळतुळीत, दोन्ही टोकांना तिरक्या कापल्यासारख्या. आजी त्या खापरात भाजायची. आधी तडतडतात, मग गप्प होतात, आणि त्यानंतर जो वास सुटतो तो थेट कॉफीचा. खळ्यात बसलेला माणूस विचारायचा, "वयनी, कॉफी खंयसून हाडलास?" ती कोरीच करायची, गूळ घालून.

मी मुंबईत केली तेव्हा घाईत कच्च्याच उतरवल्या. मिक्सरमध्ये खडी फिरवल्यासारखा आवाज आला आणि पातं बोथट झालं. दुसऱ्या खेपेला नीट काळपट भाजल्या, झकास पूड झाली. त्या आनंदात एका दिवसात तीन कप प्यायले आणि रात्रभर फेऱ्या मारल्या. टाकळा सोनामुखीच्या, म्हणजे त्या जुलाबाच्या औषधाच्या, नात्यातला आहे हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. दिवसाला एक कप, तोही लहान.

कारवारची सून

आमच्याकडे कषाय. धणे एक वाटी, जिरे अर्धी, बडीशेप पाव, मिरी चमचाभर, मेथीचे थोडे दाणे, सुंठेचा तुकडा. धणे-जिरे कोरडेच मंद भाजायचे, हाताला गरम लागले की बस. भरड पूड पाण्यात उकळायची, दूध घालायचं, आणि गूळ गॅस बंद केल्यावरच. मी पहिल्यांदा गुळासकट उकळलं आणि सासूबाईंसमोर दूध फाटलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या पातेल्यात बघत राहिल्या. ते जास्त लागलं.

पण खरं सांगू का, कषाय छानच लागतं, कॉफी मात्र वाटत नाही. कॉफीच्या आशेने प्यायलात तर दोघांवरही अन्याय.

चौथा कप

डिकॅफ घ्या की, कॅफीन काढलेली कॉफी. विषय संपला.

फिल्टरवाली

डिकॅफमध्ये थोडं कॅफीन उरतंच हो. माझी झोप तेवढ्यानेही उडते, करून पाहिलंय.

मुक्काम म्युनिक

इथे युद्धाच्या काळात खरी कॉफी मिळेना तेव्हा लोक जव, राय नावाचं धान्य, चिकोरी भाजून प्यायले. अशा नकली कॉफीला बोलीत 'मुकेफुक' म्हणतात. नावावर जाऊ नका. सुपरमार्केटात तयार पूड मिळते, गरम दुधात दोन चमचे ढवळले की झालं, आमची सात वर्षांची लेकही पिते. इटलीत तर 'ओर्झो' म्हटलं की जवाची कॉफी एस्प्रेसोसारखी छोट्या कपात येते. ग्लूटेनचा त्रास असेल तर जव आणि राय दोन्ही वर्ज्य.

ठेचाभाकर

आमचे आबा वर्ध्याचे, पक्के खादीवाले. गांधीजींनी चहा-कॉफीऐवजी गव्हाची कॉफी सांगितलेली, दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या टॉलस्टॉय फार्म या आश्रमातही ती होत असे. कृती सोपी: निवडलेले गहू लाल, मग काळपट होईस्तोवर भाजा, दळा, चमचाभर पूड पाण्यात मिनिटभर उकळा, दूध-साखर घाला. आबा जन्मभर तेच प्यायले. मी मागच्या हिवाळ्यात भाजायला बसलो आणि फोनवर बोलत राहिलो. शेजारच्या काकू धावत आल्या, "काय जळून राहिलं जी?" लाल आणि कोळसा यांच्यात दीडेक मिनिटाचं अंतर असते बाप्पा. जमली तेव्हा मात्र जळक्या पोळीच्या कडेसारखी चव लागली, आणि मले ती कड आवडते.

मस्कतकर

पाचव्या महिन्यात होते तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत कॅफीन चालेल. पण मला एका कपावर थांबताच येत नाही, म्हणून सगळंच सोडलं. इकडे खजुराच्या बियांची कॉफी मिळते, तीच धरली, वेलची घालून. घरी करायच्या भानगडीत पडू नका, बी म्हणजे दगड असतो. आणि माझ्यासारख्या अवस्थेत असाल तर वरचा टाकळा बिलकुल नको. कुठलंही झाडपाल्याचं पेय आधी डॉक्टरांना विचारूनच.

चौथा कप

बरं, डिकॅफ मागे घेतो. पण मग गरम पाणी काय वाईट?

फिल्टरवाली

गरम पाण्यासाठी मी धागा काढला असता का?

सगळ्यांचं वाचून एक लक्षात आलं. मला हवं होतं ते भाजकं आणि कडू, औषधी नव्हे. काल दोन भाग गव्हाची पूड, एक भाग चिकोरी, असं उकळून दूध घातलं आणि सासऱ्यांना काही न सांगता दिलं. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "आज पावडर बदललीस?" एवढंच. कप मात्र संपवला.

पागोळी, टाकळ्याच्या बिया कुरिअरने पाठवता का? भाजून नको, कच्च्याच. तो वास माझ्याच स्वयंपाकघरात सुटू दे.