ध्वनिसंपादनातली कात्री जाणार का?

तरंगलांबी
घरच्या संगणकावर वेव्हफॉर्म (आवाजाच्या लहरीचं चित्र) मोठा करून कापाकापी करायचे दिवस भरत आले, असा माझा अंदाज. बोललेलं मजकुरात उतरतं आणि वाक्य खोडलं की आवाजातूनही जातं, ही सोय आजच आहे. 2019 मध्ये स्प्लीटर हे सॉफ्टवेअर मोफत आलं आणि तयार गाण्यातून गायकाचा आवाज घरी वेगळा काढता येऊ लागला. 2035 पर्यंत ट्रॅक (एकेका आवाजाची वेगळी पट्टी) आणि प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअरं) यांचं जंजाळ जाईल. 'दुसऱ्या कडव्यात गिटार जरा मागे घे' एवढं सांगितलं की झालं.

खर्जातला_सा
अजिबात पटलं नाही. मजकुराला शब्द कुठे संपतो ते कळतं, श्वास कुठे संपतो ते नाही. अर्धा श्वास कापला गेला की कानाला लगेच खटकतं. म्हणून लहर शून्यरेषा ओलांडते तिथे कट घ्यायचा, 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढवणं) द्यायचा आणि खाली रिकाम्या खोलीचा आवाज चालू ठेवायचा. क्रॉसफेड विसरलात तर 'टिक्' ऐकू येतं, खोलीचा आवाज विसरलात तर मध्येच खड्डा पडतो. यंत्र हे शिकेलही, पण ते कुठे चुकलं हे शोधायला वेव्हफॉर्मच उघडावा लागणार.
आणि स्प्लीटरची मूळ मॉडेल्स (आवाज वेगळे करायला शिकवलेले प्रोग्राम) 11 किलोहर्ट्झपर्यंतच काम करायची, त्यावरचा तीक्ष्ण आवाज सुटायचा, हेही सांगा की! 16 चा पर्याय वेगळा निवडावा लागे.

तरंगलांबी
2019 च्या मर्यादा 2035 ला कशाला लावता? रेकॉर्डिंगमध्ये फाटलेला आवाजसुद्धा तेव्हा पूर्ववत होईल, आणि वेगवेगळ्या गावांतले वादक नेटवरून एकत्र वाजवतील.

डेसिबल
पूर्ववत नाही, अंदाजाने नव्याने रचलेला. 32-बिट फ्लोटबद्दलही (फार मोठी पातळीही सामावून घेणाऱ्या फाइलप्रकाराबद्दल) हाच गैरसमज आहे. सॉफ्टवेअरच्या आत शून्य डीबीएफएसच्या (डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीच्या) वर गेलेली पातळी खाली आणता येते, पण प्रीअँपमध्ये (माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागात) किंवा कन्व्हर्टरमध्येच (आवाजाचे आकडे करणाऱ्या भागात) लहरीचा शेंडा कापला गेला तर फाइल कुठल्याही प्रकारात ठेवा, शेंडा गेलाच. गेन (रेकॉर्डिंगला आवाज किती वाढवायचा ते) असा लावा की सर्वात मोठा आवाज −12 ते −10 डीबीएफएसवर येईल. 24 बिटमध्ये सर्वात हळू ते सर्वात मोठ्या आवाजाचा तात्त्विक आवाका 144 डेसिबलचा आहे, कंजुषी कशाला?
नेटवरून एकत्र वाजवण्याची स्वप्नंही आवरा. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे 200 किलोमीटर जातो. 1000 किलोमीटरला एका बाजूने 5 मिलिसेकंद गेलेच. वर 48 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 48,000 सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं) 128 सॅम्पलचा बफर (पुढे पाठवण्याआधी साठवलेला तुकडा), म्हणजे प्रत्येक टप्प्यावर 2.7 मिलिसेकंद. एका बाजूची बेरीज 25-30 च्या पुढे गेली की लय ओढली जाते.

जुनी_फीत
खरी अडचण वेगळीच आहे. मॉडेल सर्व्हरवर असेल तर ते बदलल्यावर तीच आज्ञा वेगळा निकाल देईल. जुना प्रकल्प उघडेल, मिक्स मात्र तेच नसेल.

तरंगलांबी
मॉडेल संगणकावरच चालेल, तो प्रश्न सुटेल.

जुनी_फीत
प्लगइनही संगणकावरच होते. ज्यात प्लगइन चालतात ते यजमान सॉफ्टवेअर 64-बिट झालं आणि ब्रिज (जुने प्लगइन चालवणारा दुवा) नसेल तिथे 32-बिटवाले उघडेनात. प्रक्रिया झालेला प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सलग डब्ल्यूएव्ही (साधी, न दाबलेली ध्वनिफाइल) करून ठेवा. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, मोनो म्हणजे मिनिटाला 8.64 एमबी. 12 ट्रॅकचं 5 मिनिटांचं गाणं 520 एमबीच्या आत बसतं. मूळ, प्रक्रिया न केलेले ट्रॅक वेगळ्या फोल्डरमध्ये.