घरच्या फोटो अल्बममध्ये मजकूर कसा आणि कुठे लिहावा?

गोदाकाठ (नांदेड)

आजीच्या पंच्याहत्तरीसाठी अल्बम बांधायचा आहे. ए-४ माप, ३०० जीएसएम काळी कार्डशीट, ४० पानं. फोटो दोन प्रकारचे: जुने स्टुडिओतले कृष्णधवल आणि अलीकडचे ४ बाय ६ इंची चकचकीत. फोटोखाली नुसतं 'लग्न, लातूर' असं लिहून भागवायचं नाही, घरातल्या गोष्टी पानावर उतरवायच्या आहेत. अडचणी अशा: जेल पेनची शाई फोटोवर वाळत नाही, बोट लागलं की फिसकटते. मजकूर लांबला की फोटोला जागा उरत नाही. आजी बोलते भरपूर, पण लिहीत नाही. आणि आजोबांच्या शाळेच्या उर्दू दाखल्यावर 'खुर्दाद १३५४' अशी तारीख आहे, ती पानावर कशी लिहायची?

शाईदौत (छत्रपती संभाजीनगर)

फोटोवर लिहूच नका आणि थेट पानावरही लिहू नका. मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, वाळू द्यायचा, वाचून तपासायचा आणि मग चिकटवायचा. अक्षर चुकलं तर चिठ्ठी बदलते, पान वाया जात नाही.

चिठ्ठीसाठी १०० ते १२० जीएसएमचा आम्लरहित, किंचित पिवळसर कागद घ्या. पेन पिगमेंट शाईचा, जलरोधक, ०.५ चा. ०.१ किंवा ०.२ च्या टोकाने देवनागरी अक्षर किरटं दिसतं आणि जोडाक्षरं वाचता येत नाहीत. साध्या जेल पेनची शाई फोटोवर वाळत नाही, कारण चकचकीत थर ती शोषतच नाही. बॉलपेन तर नकोच. त्याच्या टोकाचा वळ फोटोच्या दुसऱ्या बाजूला उमटतो.

ओळी आखताना एक चूक हमखास होते. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, आपलं अक्षर रेघेला लटकतं. पेन्सिलीची फिकी रेघ शिरोरेखेच्या जागी आखा आणि दोन रेघांत ९ ते १० मिमी अंतर ठेवा. ७ मिमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकतात. या हिशेबाने १० बाय ८ सेमीच्या चिठ्ठीत सात ओळी, म्हणजे साधारण ३० शब्द बसतात. तेवढेच शब्द आधी कच्च्या कागदावर मोजून लिहा.

फोटोच्या पाठीवर फक्त नाव आणि साल टाका. जुन्या स्टुडिओ फोटोची पाठ कागदी असते. फोटो काचेवर पालथा ठेवून कडेला ४-बी पेन्सिलीने, दाब न देता लिहा. अलीकडच्या फोटोंच्या पाठीला प्लास्टिकचा थर असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही. तिथे पिगमेंट शाईचा बारीक मार्कर वापरा, पण पूर्ण वाळल्याशिवाय फोटो एकावर एक रचू नका.

लांब मजकुरासाठी खिसा करा. १५ बाय ११ सेमी कागदाला तीन बाजूंनी ५ मिमी दुहेरी टेप लावून पानावर बसवा आणि वरच्या कडेला अर्धगोल कापा, म्हणजे बोट जातं. आतली चिठ्ठी दोन्हीकडून १ सेमी लहान हवी, नाहीतर टेपच्या कडेला अडकून फाटते. दुसरा प्रकार घडीचा. ८ बाय ४० सेमी पट्टीच्या ८-८ सेमीच्या उलटसुलट पाच घड्या घाला आणि पहिल्या घडीची पाठ तेवढी चिकटवा. आठ सेमी जागेत पाचपट मजकूर मावतो. मात्र खिसे आणि घड्यांमुळे अल्बम पुढून फुगतो आणि शिवण ताणली जाते. म्हणून बांधणीच्या बाजूला प्रत्येक दोन पानांमध्ये त्याच कार्डशीटच्या २ सेमी रुंद दोन पट्ट्या घाला. हे बांधण्याआधीच करावं लागतं. नंतर उपाय नाही.

जात्यावरची ओवी (लातूर)

साहित्याचं वर आलंच आहे, मी मजकुराविषयी लिहिते. 'आजी, आठवण सांग' असं विचारलं की 'काय सांगू बाई' एवढंच उत्तर मिळतं. फोटो हातात द्या आणि फोटोतल्या वस्तूवर बोट ठेवा. हे लुगडं कुणी घेतलं? ही घागर कुठल्या आडाची? फोनवर रेकॉर्ड करा, एका बैठकीत तीन-चारच फोटो. चष्मा आणि उजेड हवा, नाहीतर माणसं ओळखू येत नाहीत.

उतरवताना भाषा पुस्तकी करू नका, ही माझी कळकळीची विनंती. येळवशीच्या (वेळा अमावस्येच्या) पानाचं उदाहरण घ्या. 'वेळा अमावस्येला शेतात पूजा केली जाते' हे कुठेही वाचायला मिळतं. त्याऐवजी कडब्याच्या कोपीचा फोटो आणि खाली तिचं वाक्य, 'आंबील रातीच करून ठेवावी लागती. सकाळी केल्यावर कवा आंबावी?' अवतरण चिन्हात, शेवटी तिचं नाव आणि सांगितल्याची तारीख. शेजारच्या खिशात भज्जीची (त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीची) कृती, तीही तिच्याच मापांत. ती ओंजळ म्हणाली तर ओंजळच लिहा आणि कंसात ग्रॅम घाला. त्यासाठी तिची ओंजळ एकदा वजनकाट्यावर मोजून घ्या, दुसऱ्याच्या ओंजळीत तेवढं धान्य मावत नाही.

लग्नाच्या पानावर उखाणा हवाच. फोटोवर झाकण म्हणून पत्रिकेच्या मापाचा कार्डकागद एका कडेला बिजागरीसारखा लावा आणि उखाणा आतल्या बाजूला लिहा. ओव्या येत असतील तर फोटोच्या कडेने ४ सेमी रुंद उभी पट्टी लावा आणि प्रत्येक ओळ दोन ठिकाणी मोडून लिहा. ओवी कुणाकडून आली (आई, सासू, नणंद) तेही टाका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांच्या प्रयत्नातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. तिथेही ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं आहे. आपल्या अल्बममध्येही तेवढं असावं.

आजी लिहीत नसली तरी सही करत असेल तर ती चिठ्ठीवर घ्या, नाहीतर अंगठा. स्टॅम्प पॅडची शाई कोरडी होईपर्यंत चिठ्ठी उघडी ठेवा.

फसली साल (परभणी)

तारखेचं सांगतो. दाखल्यावरचं १३५४ हे फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. पहिला महिना आजूर, मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. इसवी सालासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला फसली सालात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. खुर्दाद सातवा, म्हणजे साधारण एप्रिल-मे. तुमचा दाखला १९४५ चा. पानावर मूळ तारीख आधी लिहा आणि खाली इसवी साल. दाखला स्वतः चिकटवू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करून प्रत लावा आणि उर्दू मजकूर वाचून घेऊन मराठी भाषांतर बाजूच्या चिठ्ठीवर द्या. आजीच्या बोलण्यात 'हाली' (निजामाचे) रुपये आले तर आकडा बदलू नका. ७ हाली म्हणजे ६ कलदार (इंग्रजी रुपये), एवढी टीप पुरे.

जुन्या पिढीत अनेकांची जन्मतारीख १ जून असते, ती शाळेत नाव घालताना लिहिलेली. ती 'दाखल्यावरची' अशी लिहा. खरं साल १९४८ ची पोलीस ॲक्शन किंवा ७२ चा दुष्काळ यांच्या आगेमागे विचारून काढा.

समूह फोटोत 'डावीकडून' लिहिलं की कुणाच्या डावीकडून हा घोळ होतो. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून हलक्या हाताने डोक्यांच्या बाह्यरेषा काढा, आकडे टाका आणि तो कागद चिठ्ठीवर लावा. बायकांची नावं माहेरची आणि सासरची दोन्ही लिहा. लग्नात नाव बदललेलं असलं की दोन पिढ्यांनी ती एकच बाई आहे हे कळत नाही. 'मोठी काकू' तर लिहूच नका, वाचणाऱ्यागणिक नातं बदलतं. सगळी नाती आजीपासून मोजा.

फोटोच नसलेल्या गोष्टींसाठी नकाशा करा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात गेलेली किल्लारी परिसरातली गावं किंवा जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली, तिथल्या घरांत जुने फोटो फार थोडे उरले. दुपानी जागेवर गावाचा नकाशा काढा, वेस, आड, पार, गढी, आपलं घर. प्रत्येक जागेला आकडा आणि आजीचं एकेक वाक्य.

गोदाकाठ (नांदेड)

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. काळ्या पानावर चिठ्ठी ठिगळासारखी दिसते, ती चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करू का? आणि फेव्हिकॉल चालेल?

शाईदौत (छत्रपती संभाजीनगर)

चहा नको. तो आम्लधर्मी असतो, त्याने कागद लवकर ठिसूळ होतो. आधीच बदामी रंगाचा कागद घ्या आणि प्रत्येक पानावरच्या चिठ्ठ्या एकाच रुंदीच्या ठेवा, म्हणजे ठिगळ वाटत नाही. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने पातळ कागद फुगतो आणि वाळल्यावर सुरकुत्या राहतात. चिठ्ठीला आम्लरहित ग्लू स्टिक लावा, फोटोला चारी कोपऱ्यांचे कागदी कोपरे. फोटो पाठ वाचायला काढता आला पाहिजे. सेलोटेप पिवळी पडते आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तिचा गोंद कडेने बाहेर येऊन समोरचं पान धरतो. त्याच कारणाने अल्बम पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, खालच्या कपाटात आडवा ठेवा.